मगदूम भाऊसाहेबांचा तक्ता

"‘अ’चं वजन किती म्हणालात?"

"सातशे ग्रॅम."

"भरून का रिकामं?"

"रिकामं."

"मग भरून किती ते सांगा की. रिकामं घेऊन कोण फिरणार आहे?"

भूपाल मगदूम तलाठ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि पेन कागदावर टेकवून थांबले. काउंटरवर हिरव्या कापडावर दोन पिस्तुलं शेजारी शेजारी ठेवली होती. त्यांच्यापुढं फुलस्केप कागद, त्याखाली कार्बन, त्याखाली दुसरा कागद. पट्टीनं रेघा मारून रकाने पाडलेले. वर ठळक अक्षरात ‘तुलनात्मक तक्ता’. पहिल्या रकान्यात अनुक्रमांक, मग तपशील, मग ‘अ’, मग ‘ब’, आणि शेवटी शेरा.

मी ‘अ’मध्ये भरलेलं मॅगझीन घातलं, तराजूवर ठेवलं, आकडा सांगितला. त्यांनी तो लिहिला. मग ‘ब’चं वजन. तेही लिहिलं. फरक निघाला बत्तीस ग्रॅमचा. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, ‘फरक नगण्य’.

ही त्यांची चौथी खेप होती. मी त्या दुकानात अठरा वर्षं काउंटरला. बंदुका विकायच्या आणि बिघडल्या तर दुरुस्तही करायच्या, दोन्ही कामं माझ्याकडं. आमच्याकडं येणारी माणसं दोनच जातीची. एक, रानडुकरांनी ऊस आडवा केला म्हणून जुनी बारा बोअरची बंदूक खांद्याला मारून येणारा शेतकरी. आणि दुसरा, ज्याला लग्नाच्या वरातीत कमरेला काहीतरी दिसायला हवं असतं. हा दुसरा माणूस पाच मिनिटांत पिस्तूल निवडतो. फोटोत कुठलं चांगलं दिसतं, एवढाच त्याचा प्रश्न असतो. मगदूमांसारखं गिऱ्हाईक मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही.

पिस्तुलं वेगवेगळ्या कंपन्यांची, पण जुळ्या भावंडांसारखी. दोन्ही काळी, दोन्ही बत्तीस बोअरची. जुन्या पिस्तुलाला मागं घोडा असतो, तो या दोन्हींना नव्हता. आत सुईसारखा स्ट्रायकर असतो. चाप ओढला की तो सुटतो आणि काडतुसाच्या बुडावर आपटतो. फरक म्हणावा असा एकच. ‘अ’ला डाव्या अंगाला सेफ्टीची कळ होती, अंगठ्यानं वर केली की चाप जागचा हलत नाही. ‘ब’ला तशी कळ नव्हती. त्याची सगळी सेफ्टी चापात आणि आतल्या भागांत होती.

माझं मत मी पहिल्याच खेपेला दिलं होतं. "भाऊसाहेब, ‘ब’ घ्या. वेळ आली तर कळ खाली करायचं ध्यानात राहत नाही माणसाला. नवख्याला तर नाहीच."

"वेळ येऊ नये म्हणूनच घेतोय," ते म्हणाले होते.

सारवाडीचे तलाठी ते. कृष्णाकाठचं गाव, आणि नदीतली वाळू चोरून उपसणारे टिपर. मगदूमांनी दोन महिन्यांत पाच टिपर पकडून तहसीलच्या आवारात उभे केले होते. मग एका सकाळी एका टिपरनं त्यांची मोटारसायकल रस्त्याच्या कडेनं ढकलत बांधाखाली घातली. हात मोडला. दवाखान्यात निरोप आला की पुढच्या वेळी अंगावरूनच जाईल. साहेबांनी संरक्षणाच्या अर्जावर सही करून तो पुढं पाठवला. पुढच्यांनी आणखी पुढं पाठवला. शेवटी बायकोनं हट्ट धरला म्हणून त्यांनी पिस्तुलाच्या परवान्याचा अर्ज केला, तेवढा मात्र मंजूर झाला.

"आमच्यात पाणी गाळून पितात," दुसऱ्या खेपेला त्यांनी मला आपणहून सांगितलं होतं. "दिवस मावळला की अन्न तोंडात घेत नाहीत. आणि मी हे घ्यायला आलोय. बस्तीत, आमच्या जैन देवळात, पंडितांना विचारलं. ते काही बोललेच नाहीत." पिस्तूल हातात घेताना ते आधी रुमाल हातात घ्यायचे. मला हसू यायचं. एकदा मी म्हटलंही, "भाऊसाहेब, चावत नाही ते." त्यांनी कसनुसं हसून रुमाल खिशात घातला आणि दोन मिनिटांनी परत काढला.

तर, चौथी खेप. ते अकराला आले होते. चहा मागवला, नको म्हणाले. पाणी दिलं, नको म्हणाले. आता दोन वाजून गेले होते आणि तक्ता दहाव्या क्रमांकावर होता. गिऱ्हाईक काउंटरला असताना डबा उघडायचा नाही, हा आमच्या मालकांचा नियम. मालक स्वतः बाराला घरी जाऊन जेवून, एक डुलकी काढून परत आले होते. माझ्या पोटात सकाळचे मूठभर पोहे. डब्यात भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं आणि काउंटरखालून त्याचा वास येत होता.

"सुतार, मुद्दा क्रमांक अकरा," मगदूम मला म्हणाले. "चुकून सुटण्याची शक्यता."

"‘अ’ला नाही. कळ वर असली की विषय संपला."

‘अ’च्या रकान्यात त्यांनी ‘नाही’ लिहिलं.

"‘ब’ला?"

"तशी ‘ब’लाही नाही. हे बघा, चापाच्या मधोमध ही बारीक पट्टी आहे. बोट नीट तिच्यावर बसल्याशिवाय चाप मागं येत नाही. पडलं, आपटलं, तरी सुटत नाही."

"पण कळ नाही."

"कळ नाही."

"म्हणजे कुणी ओढाताण केली, त्यात कुणाचं बोट गेलं, तर?"

"बोट चापावर गेलं आणि ओढलं, तर सुटणारच की. त्यालाच पिस्तूल म्हणतात, भाऊसाहेब."

"मग ‘आहे’ लिहू का ‘नाही’ लिहू?"

"तसं एका शब्दात नाही सांगता येत."

"रकान्यात एकच शब्द बसतो," ते अगदी शांतपणे म्हणाले. चिडले नव्हते. पाच वर्षं वाट बघायची तयारी असल्यासारखे पेन धरून बसले होते. "तुम्ही सावकाश विचार करा."

मी विचार केला नाही. माझं डोकं फिरलं होतं. ‘ब’ची पट्टी, आतला अडसर, स्प्रिंग, हे सगळं मी त्यांना चार खेपांत चार वेळा उलगडून दाखवलं होतं. मला एवढंच कळत होतं की ‘ब’ला एक खोट काढली, की हा माणूस ‘अ’ घेणार आणि उठणार. त्यांचा कल तिकडंच होता. मी फक्त शेवटचा धक्का द्यायचा होता.

"लिहा, ‘आहे’," मी म्हटलं. "शेऱ्यात लिहा, झटापटीत चुकून सुटू शकते. घ्या."

त्यांनी शब्दन्‌शब्द लिहिलं. लिहिताना त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं मला. मग त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला.

"खाली सही करा. नाव, हुद्दा. आणि दुकानाचा शिक्का."

"सही कशाला?"

"आमच्या नोकरीत तोंडी काही खरं नसतं, सुतार. सहीशिवाय कागद म्हणजे रद्दी."

मालक गल्ल्यावरून म्हणाले, "कर रे सही, गजा. भाऊसाहेब आपलेच आहेत." मी सही केली. शिक्का मारला. कार्बनची प्रत त्यांनी मला दिली, वरची घडी घालून आपल्या खाकी पिशवीत ठेवली.

"‘अ’ द्या," ते म्हणाले.

ते दाराबाहेर पडायच्या आत मी डबा काढला. कार्बनची प्रत खाली अंथरली आणि तिच्यावर भाकरी ठेवून जेवलो. भरताच्या तेलानं कागद भिजला. तो चुरगाळून मी टोपलीत टाकला.

दोन दिवसांनी सुभाष झांबरे आला. ठेकेदार. रस्त्यांची कामं घ्यायचा, खडी-वाळू पुरवायचा. मगदूमांनी पकडलेल्यांत त्याचेही टिपर होते. परवाना त्याच्याकडं जुनाच होता, नवं पिस्तूल हवं होतं. उभ्या उभ्याच म्हणाला, "सारवाडीचा तलाठी न्हेऊन गेला म्हनं एक?"

मी काउंटरवरचं कापड सरळ करत राहिलो. मालक बोलले, "नेलं की. चार चकरा मारल्या बिचाऱ्यानं."

"कंचं न्हेलं?"

"सेफ्टीवालं."

झांबरे मोठ्यांदा हसला. "तो काय उडवतोय! बरं, मला ते दुसरं द्या." त्यानं ‘ब’ उचललं, एकदा दाराकडं रोखून बघितलं आणि शर्टाखाली खोचून बघितलं. पाच मिनिटं लागली नसतील.

त्याच दिवशी मी मगदूमांना फोन केला. झांबरेनं पिस्तूल घेतल्याचं सांगितलं. 

"त्यांचा परवाना कायदेशीर आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मग तुम्ही तरी काय करणार," ते म्हणाले. "कळवलंत, बरं केलंत. तारीख-वेळ टिपून ठेवतो."

पाच आठवड्यांनी नदीकाठी मगदूम भाऊसाहेबांना गोळी लागली. सकाळी साडेआठची वेळ. वाळूनं भरलेला टिपर त्यांनी अडवला होता आणि गाडीला टेकून पंचनामा लिहीत होते. झांबरे जीपमधून आला. पुढं काय झालं ते टिपरच्या ड्रायव्हरनं बघितलं, आणखी कुणी नाही. गोळी छातीत, अगदी जवळून. दवाखान्यात नेईपर्यंत संपले होते. त्यांचं पिस्तूल पिशवीत, सात-बाराच्या उताऱ्यांखाली, रुमालात गुंडाळलेलं सापडलं. कळ वर होती.

मला फार वाईट वाटलं. चार दिवस जेवण गेलं नाही. पण खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्यात मी स्वतः कुठंच नव्हतो. मी तर माणसाला पिस्तूल दिलं होतं, ‘ब’ घ्या असा सल्लाही दिला होता, फोनही केला होता.

पावणेदोन वर्षांनी केस उभी राहिली. झांबरे तोवर कच्च्या कैदेतच होता. मला समन्स आलं. पिस्तूल आमच्या दुकानातून विकलं गेलं, एवढं सांगायचं होतं. दहा मिनिटांचं काम आहे, असं सरकारी वकील म्हणाले.

त्याआधीच्या तारखेला ड्रायव्हरनं साक्ष फिरवली होती. आपण पाणी प्यायला नदीत उतरलो होतो, काही दिसलं नाही, असं त्यानं सांगितलं. झांबरेचं म्हणणं असं होतं, की तलाठ्यानंच अंगावर येऊन त्याच्या कमरेचं पिस्तूल ओढलं आणि ओढाताणीत ते सुटलं. प्रयोगशाळेच्या साहेबांनी अहवालात लिहिलं होतं की पिस्तूल आपटूनही सुटत नाही, चाप ठीक आहे. सरकारी वकिलांची सगळी भिस्त त्या अहवालावर होती.

पिस्तूल विकल्याची तारीख मी सांगितली. मग झांबरेचे वकील उठले. मऊ आवाजाचा माणूस. त्यांनी एक कागद माझ्यापुढं धरला.

"मयताच्या पिशवीतून जप्त झालेल्या कागदांपैकी हा आहे. ही सही कुणाची?"

मी बघितलं. पट्टीनं मारलेल्या रेघा. ठळक अक्षरात ‘तुलनात्मक तक्ता’. कडेला वाळलेल्या रक्ताचा तपकिरी डाग होता. 

"माझी."

"शिक्का?"

"दुकानाचा."

"‘ब’ म्हणजे कुठलं पिस्तूल?"

"टेबलावर ठेवलंय ते. आरोपीनं घेतलेलं."

"अनुक्रमांक अकरा, ‘ब’चा रकाना आणि शेरा, मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. "चुकून सुटण्याची शक्यता, आहे. झटापटीत चुकून सुटू शकते."

"हे तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं, पण साहेब, त्याचा अर्थ तसा नव्हता. चापाच्या मधोमध एक पट्टी असते, बोट तिच्यावर..."

"मी पट्टीबद्दल विचारलेलं नाही. अठरा वर्षांच्या अनुभवानं, सहीशिक्क्यानिशी जे लिहून दिलंत, ते खरं होतं का खोटं?"

"साहेब, तसं एका शब्दात नाही सांगता येत."

माझेच शब्द माझ्या कानावर आले. न्यायाधीशांनी वर बघितलं. "साक्षीदार, जे विचारलंय तेवढंच सांगा."

मी कठड्याला धरून उभा होतो. ‘खरं होतं’ असं म्हणालो तर झांबरे सुटणार होता. समोरच्या बाकावर मगदूमांच्या मंडळी, राजमती वहिनी, पदर डोक्यावरून घेऊन बसल्या होत्या. त्या माझ्याकडं एकटक बघत होत्या.

"खोटं होतं," मी म्हटलं.

वकिलांनी मान हलवली, जसे काही माझी कीव करत होते. "म्हणजे समोरच्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे हे माहीत असताना तुम्ही त्याला खोटं लिहून दिलंत. सही केलीत, शिक्का मारलात. आणि आज मात्र खरं बोलताय."

"व्हय, आज खरं बोलतोय."

"ठीक आहे. एवढंच."

सरकारी वकिलांनी उठून मला पट्टीबद्दल विचारलं. मी सांगितलं. पिस्तूल हातात घेऊन दाखवलंही. माझे हात इतके कापत होते, की ते चापाची पट्टी दाखवताहेत की ओढाताणीत पिस्तूल कसं सुटतं ते दाखवताहेत, हे बघणाऱ्याला कळलं नसेल. बाहेर व्हरांड्यात ते मला म्हणाले, "अहो, त्या कागदावर सही करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

चार महिन्यांनी निकाल लागला. खून सिद्ध झाला नाही. संशयाचा फायदा. निष्काळजीपणानं मृत्यू, दोन वर्षं. तेवढी तुरुंगात काढून झालीच होती. झांबरे त्याच आठवड्यात घरी आला. सारवाडीच्या वेशीत फटाके वाजले, असं मला कुणीतरी सांगितलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी राजमती वहिनी दुकानात आल्या. सोबत एक हवालदार. कोर्टातून ‘अ’ सुटलं होतं. घरात परवाना कुणाच्या नावावर नाही म्हणून ते दुकानात जमा करायचं होतं. हवालदारानं लाखेचं सील लावलेलं पाकीट माझ्यासमोर ठेवलं आणि तंबाखू मळायला बाहेर गेला. मालक बँकेत गेले होते.

मी सील फोडलं. रुमालही तसाच होता. मॅगझीन काढलं, भरलेलं होतं, एकही गोळी कमी नव्हती. कळ अजून वरच होती. मी ती खाली केली नाही.

"हे घरी आणलं त्या दिवशी त्यांनी मला तो कागद वाचून दाखवला होता," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "पहिल्यापासून शेवटापर्यंत. म्हणाले, दुकानातला माणूस सज्जन हाय. विकायला बसलाय, तरी मालाची खोट सांगतोय. मागितली तशी सही पण दिली. असली माणसं आता ऱ्हायली न्हाईत म्हणाले."

मी काउंटरवरच्या हिरव्या कापडाकडं बघत राहिलो. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"एक इचारू?"

"विचारा, वहिनी."

"ती दुसरी खरंच सुटती का हो चुकून?"

"नाही. कुणीतरी चाप ओढल्याशिवाय सुटत नाही."

"मग तसं का लिहून दिलं तुम्ही?"

कोर्टात हे मला कुणीच विचारलं नव्हतं. खरं का खोटं, एवढंच विचारलं होतं. मी तोंड उघडलं. गिऱ्हाइकाचा कल बघून, अनुभव, सवय, असलं काहीबाही सांगता आलं असतं. पण ती बाई उत्तरासाठी थांबली होती, नवऱ्यासारखीच, घाई न करता.

"दोन वाजून गेले होते," मी म्हटलं. "मला भूक लागली होती. ते उठतच नव्हते."

 वहिनींनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी रुमाल उचलला, त्याची घडी नीट केली.

"त्या दिवशी अष्टमी होती," त्या म्हणाल्या. "ह्यांचा निर्जळी उपास. घरी आले तेव्हा ओठ पार वाळले होते. आल्या आल्या मला म्हणाले, माझ्यापायी त्या बिचाऱ्याचा डबा ऱ्हायला."

 मग मी पावतीपुस्तक ओढलं आणि पिस्तूल जमा केल्याची पावती लिहिली. नंबर, कंपनी, बोअर, काडतुसं. सही करून, शिक्का मारून पुस्तक त्यांच्याकडं फिरवलं आणि बोटानं जागा दाखवली.

त्यांनी पावती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग माझी सही होती तिथं थांबून परत एकदा वाचली. आणि मगच खाली सही केली.